दोन दारांचा तंबू

सासरे तीन महिन्यांसाठी रियाधला आले तेव्हा आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी जेमतेम शंभर वाक्यं बोललो असू. "या, बसा." "प्रवास बरा झाला ना?" "चहा घेणार?" गाडी यापुढे कधी गेलीच नाही. ते कराडचे. चाळीस वर्षं त्यांनी मंडपाचा धंदा केला, आता तो मेहुणा बघतो. मी पुण्याचा, इथे एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर. आमच्या लग्नाच्या फोटोंत ते फार तर दोन ठिकाणी दिसतात, तेही कडेला आणि भलतीकडेच बघताना. त्यावरून मी केव्हाच ठरवून टाकलं होतं की हा जावई त्यांच्या मनात भरलेला नाही. विचारून खात्री करायची सोय नव्हती.

सासूबाई धाकट्या मेहुणीच्या बाळंतपणासाठी तिकडेच थांबल्या होत्या. त्यामुळे सासरे, म्हणजे आबा, एकटेच आमच्या मलाझ भागातल्या फ्लॅटमध्ये सकाळपासून खिडकीशी बसायचे. समोरच्या गल्लीत बांधकामाची परांची बांधलेली दिसली की म्हणायचे, "गाठ चुकलीय." एवढंच.

त्याच सुमारास ऑफिसातल्या माझ्या सौदी मित्राने नेहमीचं आमंत्रण दिलं. तो दर हिवाळ्यात शिकारीला जातो. रीतसर परवाना काढून, मोसमात, लावे आणि होले ही पाखरं मारायला. दर वर्षी तो मला बोलवायचा आणि दर वर्षी मी "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचो. या वेळी तो म्हणाला, "ही पुढची वेळच आहे." त्याचं आधीचं शिकारीला जाणं म्हणजे तीन गाड्या, गालिचे, चहाच्या किटल्या आणि लग्नाला पुरेल एवढा तंबू. पण अलीकडे त्याला नवीन नाद लागला होता. गाडी डोंगराच्या पायथ्याशी सोडायची, पाठीवर घर घ्यायचं आणि दोन तास दरीतून चालत जिथे कुणी पोचत नाही तिथे मुक्काम करायचा. तो आणि त्याचा भाऊ एका तंबूत. मी माझा तंबू आणि माझा जोडीदार आणायचा.

जोडीदार कोण, हा प्रश्न मी घरी मोठ्याने विचारला ही माझी चूक.

"आबांना घेऊन जा," बायको म्हणाली. "खिडकीशी बसून कंटाळलेत ते."

"अगं, दोन माणसांचा तंबू आहे. एवढासा!"

"मग? तुम्ही दोघं दोनच माणसं आहात ना?"

मी आबांकडे बघितलं. वाटलं, ते स्वतःच नको म्हणतील. ते म्हणाले, "जाऊ की."

त्यानंतर तीन आठवडे मी तंबूंचा अभ्यास केला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वजनांचा तक्ता केला. तंबूच्या जगात एक एक ग्रॅमवरून भांडणारी माणसं आहेत हे मला तेव्हा कळलं. काहींनी टूथब्रशचा दांडा अर्धा कापून टाकलेला असतो. वाचता वाचता मीही त्यांच्यातलाच झालो आणि एका करड्या तंबूच्या प्रेमात पडलो. किलोभरसुद्धा वजन नाही, कापड पिशवीसारखं पातळ, स्वतःच्या दांड्या नाहीत. चालायच्या दोन काठ्या आत उभ्या करायच्या आणि मेखा ठोकून ताणायचं. एक दार. मी मनातल्या मनात तो घेऊनच टाकला होता. आबांना दुकानात नेलं ते केवळ मान राखायला.

दुकानदार केरळचा, हसतमुख माणूस. हिंदीतून समजावून सांगत होता. त्याने करडा तंबू दुकानातच ताणून उभा केलेला होता. आबांनी चप्पल काढली, टोपी सारखी केली आणि तंबूभोवती एक फेरी मारली. शिवण दोन बोटांत धरून ओढली. कापडाला नख लावून आवाज ऐकला. मग वाकले, आत शिरले आणि उताणे झोपले.

"या," आतून आवाज आला.

"मी?"

"मग काय ह्यांना बोलवू? झोपून बघितल्याशिवाय कसं कळायचं?"

मी बूट काढून आत सरकलो. माझा खांदा त्यांच्या खांद्याला घासला तसा मी अंग चोरून पलीकडच्या कापडाला चिकटलो. दोघंही वर बघत पडलो. बाहेर एक बाई आणि तिची दोन मुलं थांबून आमच्याकडे पाहत होती. अकरा वर्षांत आम्ही एवढे जवळ कधी आलो नव्हतो.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "आता समजा मला पहाटे बाहेर जायचंय. ह्या वयात जावं लागतंय. कुठनं जाऊ?"

दार माझ्या बाजूला होतं.

"माझ्यावरून जा ना आबा, मी पाय आखडून घेतो."

ते ताडकन उठून बसले. त्यांचं डोकं छताला लागलं आणि अख्खा तंबू हलला. "जावयाला वलांडून जाऊ? भलतंच! पोरीला कळलं तर काय म्हणंल?"

"मग तुम्ही दाराशी झोपा."

"आणि तुम्हाला जायचं झालं तर मला वलांडणार व्हय?"

माझ्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. करडा तंबू तिथेच बाद झाला.

मग दुकानदाराने हिरवा तंबू काढला. दोन बाजूंना दोन दारं, स्वतःच्या लवचिक दांड्यांवर उभा राहणारा, आत जाळीची खोली आणि वरून पावसाचं कापड. आबांनी दांड्यांचा सांधा जोडून सोडून बघितला. दोन्ही दारांच्या चेन चार-चारदा वर-खाली केल्या. आत झोपले, एका दाराने बाहेर पडले, दुसऱ्याने पुन्हा आत गेले. त्यांना तो आवडलाय हे चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र वजन खुपत होतं.

"ह्यावर एक किलो आठशे ग्रॅम लिहिलंय आबा. करड्याच्या दुप्पट झालं."

"लिहिलेलं असू द्या." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आमचा सामान मोजायचा हातकाटा काढला. भारतात जाताना बॅगा तोलायला प्रत्येक घरात असतो तो. निघताना त्यांनी कधी खिशात घातला ते मला कळलंही नव्हतं. तंबूची पिशवी आकड्याला लटकवली. दोन किलो दोनशे.

दुकानदार जरा ओशाळला. "चाचा, वो क्या है, कंपनी पेग और थैली का वजन नहीं गिनती।"

आबा माझ्याकडे वळले. "म्हणजे मेखा घरी ठेवून तंबू न्यायचा असतोय?"

दुकानदाराला मराठी येत नव्हती, तरी तो पोट धरून हसला. मीही हसलो. आबा हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

"दांड्या आणि मेखा तुम्ही घ्या," ते म्हणाले, "कापड माझ्याकडं. म्हणजे एकेकाला किलोभरच झालं. तुमच्या त्या करड्याएवढंच."

हिशेब जवळपास जुळत होता. आम्ही हिरवा घेतला.

घरी आल्यावर तो हॉलमध्ये उभा केला तर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये असा अडकला की दोन दिवस बायकोला स्वयंपाकघरात जायला तंबूतून आरपार जावं लागत होतं. "दोन दारं आहेत ते बरं झालं," ती म्हणाली. आमच्या लेकीने आत तिची उशी, वह्या आणि बिस्किटं नेऊन ठेवली. जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचं, "आय ॲम नॉट ॲट होम!"

शुक्रवारी आबा म्हणाले, "आता गच्चीवर चला." गच्चीत पाण्याच्या टाकीच्या पाइपांना दोऱ्या बांधून त्यांनी तंबू ताणला. मला आत बसवलं. मी काही विचारायच्या आत वरून बादलीभर पाणी आलं, मग दुसरी बादली, मग तिसरी, आडवी मारलेली.

"गळतंय का?"

"एका कोपऱ्यात थेंब येतोय!"

"कुठला कोपरा? बोट लावा. बोट हलवू नका."

मी बोट लावून बसलो असताना इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा चौकीदार, वर आला. त्याने तंबू बघितला, बादली घेऊन उभे असलेले धोतर-टोपीतले आबा बघितले आणि चेन उघडून बाहेर काढलेलं माझं डोकं बघितलं. "साब," तो काळजीने म्हणाला, "फ्लॅट खाली करना है क्या?"

त्या कोपऱ्याची शिवण आबांनी मेण घासून बंद केली. मी विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाले, "पहिला मंडप गळला तवा." मग त्यांनी तो पहिला मंडप कसा गळला, नवरदेवाच्या फेट्याचा रंग त्याच्या गालांवर कसा उतरला, हे सगळं सांगितलं. मी तिथेच ओल्या गच्चीवर बसून ऐकलं. खाली आलो तेव्हा बायकोने विचारलं, "एवढा वेळ काय करत होता?" मी म्हणालो, "बोलत होतो." तिला ते खरं वाटलं नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे निघालो. पायथ्याशी मित्र आणि त्याचा भाऊ वाट बघत होते. मित्राने आबांचा हात हातात घेतला, खांद्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "अहलन, या अम्मी!"

आबा माझ्या कानाशी लागले. "हा मला आई का म्हणतोय?"

"आई नाही आबा. अरबीत 'या अम्मी' म्हणजे 'अहो काका'."

"असं व्हय. मग ठीक." तरी पुढचा तासभर मित्राने तशी हाक मारली की ते दचकायचे.

बंदुका फक्त त्या दोघा भावांकडे होत्या. आम्ही हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं. दरी सुरुवातीला रुंद होती, मग कडे जवळ जवळ येत गेले. आबा धोतर खोचून, पायात बूट घालून माझ्या पुढे चालत होते. मीच दोनदा थांबलो. दोन तासांनी एका वळणावर बाभळीची चार झाडं आणि वाळूचा सपाट तुकडा लागला. मित्र म्हणाला, "इथेच."

त्याने पिशवीतून आपला तंबू काढला. तोच करडा तंबू. काठ्यांवरचा, किलोभराचाही नाही. दोन मिनिटांत त्याने उभा केला आणि ऐटीत मागे सरून बघू लागला. आमच्या पिशवीकडे त्याने जरा दयेनेच पाहिलं.

आबांनी वाळूत मेख खुपसली. वीतभर वाळू, खाली दगड. मेख आडवी झाली. त्यांनी ती उपटली, बूट काढले आणि हातांनी खड्डे करायला लागले. प्रत्येक मेखेच्या मधोमध तणावा, म्हणजे ताणायची दोरी, बांधायचा, मेख आडवी पुरायची, वर वाळू लोटायची आणि त्यावर मोठा धोंडा. असे आठ खड्डे. मी धोंडे आणून द्यायला. मित्राचा भाऊ चहाचा पेला घेऊन बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका आठवडाभर राहणार आहेत का?"

दुपारी ते दोघं पाखरं शोधायला वर गेले. चारच्या सुमारास वारा सुटला. दरीच्या तोंडातून आधी वाळूचा पडदा आला, मग शिट्टीसारखा आवाज. करड्या तंबूची एक मेख सुटली, मग दुसरी, आणि तो एखाद्या घाबरलेल्या कोंबडीसारखा उडत, आपटत दरीतून निघाला. मी मागे धावलो. वरून मित्राने बघितलं, तोही ओरडत खाली धावला. दोनशे पावलांवर तंबू एका बाभळीला अडकला तेव्हा आम्ही दोघांनी त्यावर उडीच मारली.

परत आलो तर हिरवा तंबू जागच्या जागी होता. एका बाजूने आत दबायचा, पुन्हा वर यायचा. आबा त्याच्या शेजारी उकिडवे बसून एका दोरीवर बोट ठेवून होते, डॉक्टर नाडी बघतो तसे.

"ही जरा ढिली सोडायची," ते म्हणाले. "सगळ्याच आवळल्या तर कापड फाटतंय."

मित्राने फाटक्या कोपऱ्याचा आपला तंबू त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन्ही हात जोडले. हे हात जोडणं त्याने आमच्या ऑफिसात पाहिलेलं. "या अम्मी, शिकव मला."

वारा पडेपर्यंत आबांनी दोघा भावांना खड्डे करायला लावलं. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. आबा मराठीत सांगायचे, ते अरबीत उत्तर द्यायचे आणि काम बरोबर व्हायचं. गाठ नीट बसली की मित्र "खलास?" विचारायचा आणि आबा मान हलवून सांगायचे, "अजून न्हाई खलास."

त्या संध्याकाळी पाखरू एकही मिळालं नाही. सूर्य मावळला तशी थंडी अशी पडली की रोटी, चीज आणि चहा उरकून सातलाच आम्ही आपापल्या तंबूंत शिरलो. आबा डाव्या दाराने, मी उजव्या. डोक्याला दिवा लावून बसलो होतो. वाऱ्याने जरा उचल खाल्ली की ते कान द्यायचे.

"आबा, टिकेल ना?"

"टिकंल. पण सवय हाय. वारा आला की मला दुसरं काही दिसत न्हाई." मग म्हणाले, "तुमचं लग्न मी बघितलंच न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मांडव माझा मीच घातला होता. पोरीचं लग्न, दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं? आणि नेमका अक्षतांच्या येळंला वारा सुटला. मागचा खांब उचलत होता. आत आठशे माणूस. मी आणि दोन गडी खांबाला मिठी मारून बसलो. मंगलाष्टकं ऐकू येत होती. तुम्ही हार कवा घातला, काय न्हाई, काही बघितलं न्हाई. फोटोवाला बोलवायला आला तर म्हटलं, हात सुटला तर फोटोत कोण उरणार न्हाई."

मग म्हणालो, "मला वाटायचं तुम्हाला मी पसंत नव्हतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. फोटोंत तुम्ही फार तर दोनदा, तेही भलतीकडे बघताना."

आबा हसायला लागले. आधी हळू, मग असे की तंबूच्या दांड्या हलायला लागल्या. पलीकडच्या तंबूतून मित्राने विचारलं, काय झालं? मी ओरडून सांगितलं, काही नाही, घरगुती आहे. मग आबांनी मला लग्नाची सगळी हकीकत विचारली. हार घालताना पोरगी रडली का, मामाने अंतरपाट नीट धरला का, जेवायला जिलबी पुरली का. मी आठवेल तसं सांगत गेलो आणि ते ऐकत ऐकत झोपी गेले.

सकाळी उठलो तर दोघंही पिठात लोळल्यासारखे. आतली खोली संपूर्ण जाळीची होती. वरचं पावसाचं कापड जमिनीपासून चार बोटं वर राहत होतं आणि तेवढ्या फटीतून रात्रभर बारीक वाळू गाळून आमच्यावर पडली होती. आबांच्या मिशा पांढऱ्याच्या तांबड्या झाल्या होत्या.

"हे आपण बघितलंच न्हाई," ते म्हणाले.

"आपण पाणी टाकून बघितलं."

"व्हय. वाळू टाकून बघायला पायजे होती."

उजाडता उजाडता दोघे भाऊ वर गेले आणि तासाभरात सहा लावे घेऊन आले. मित्राचा आनंद बघण्यासारखा होता. पहिला तुकडा काकांना, असं त्याने जाहीर केलं. मी जीभ चावली. त्या दिवशी शनिवार होता आणि आबा शनिवारी मांस-मच्छी खात नाहीत. मित्राला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला की आबांनाच वाईट वाटलं.

"त्याला म्हणावं, खात न्हाई, पण करून देतो."

त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून कपड्यांच्या घडीत लपवलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी काढली. पाव किलोची तरी असेल. मी टूथब्रशचे ग्रॅम मोजत होतो आणि हे बरणी घेऊन दोन तास चालले होते! एक कणही न चाखता त्यांनी रस्सा केला, हातावर मीठ घेऊन अंदाजाने टाकलं. मित्राने पहिला घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात थांबेना. भाऊ तर पातेलं पुसून खायला लागला. आबा खजूर आणि रोटी खात समोर बसले होते आणि प्रत्येक घासागणिक त्या दोघांचे चेहरे न्याहाळत होते.

घरी आल्यावर आबांनी बायकोचा एक जुना सुती पलंगपोस मागून घेतला आणि आठ दिवस खिडकीशी बसून हाताने तो जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून शिवला. हातकाट्यावर तीनशे ग्रॅम वाढले. मी तक्त्यात ते नोंदवलंही नाही. कितीतरी दिवसांत तो तक्ता उघडलाच नव्हता.

जानेवारीत मित्राने पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने आधीच सांगून ठेवलं की भाऊ कामासाठी राबिघला गेलाय, तेव्हा काका मित्राच्याच तंबूत झोपणार. शिवाय मुक्काम शुक्रवारी सकाळीच गाठायचा, म्हणजे शनिवार लागायच्या आत काकांना जेवू घालता येईल. मी आबांना विचारलं, तुम्हाला चालेल का? त्याच्या तंबूला एकच दार आहे.

"तो कुठं माझा जावई हाय," आबा म्हणाले आणि मेखा मोजायला बसले.

हिरव्या तंबूत मी एकटाच हातपाय पसरून झोपलो. पहाटे जाग आली ती पलीकडच्या बोलण्याने. मित्र अरबीत काहीतरी विचारत होता आणि आबा मराठीत त्याला चुलीला दगड कसे लावायचे ते सांगत होते. मी डावं दार उघडलं. ते त्या दोघांच्या बाजूला उघडत होतं.

"उठलात का?" आबांनी विचारलं. "या, चहा झालाय."